‘लिंक नाही’: तारेपासून फायबरपर्यंत धडगावची प्रतीक्षा

गेल्या पावसाळ्यात धडगावला गेलो होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा माझा एक जुना मित्र तिकडे आहे. बाजारातल्या एका ऑनलाइन सेंटरवर त्याचं काही काम होतं, म्हणून आम्ही दोघं सकाळी दहाला तिथं पोचलो. दुकानाच्या ओट्यावर आधीच पंधरा-वीस माणसं बसलेली. कुणाला जातीच्या दाखल्याचा अर्ज भरायचा होता, कुणाचं ई-केवायसी राहिलं होतं, कुणाला मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. एक म्हातारी तर अंगठा उमटवायला पहाटे घरून निघाली होती. दुकानातला पोरगा दर थोड्या वेळानं मान वर करून एकच वाक्य म्हणायचा, “लिंक नाही.”

दुपारी दोनपर्यंत लिंक आली नाही. लोक उठले, पिशव्या उचलल्या आणि निघाले. कुणीही भांडलं नाही, आवाज चढवला नाही. मी मित्राला म्हटलं, “अरे, ही माणसं चिडत कशी नाहीत?” तो म्हणाला, “भाई, चिडायचं कुणावर? सेंटरवाला म्हणतो वरून नाही. वरचे म्हणतात केबल तुटली. केबल कुणी तोडली, ते कुणालाच माहीत नाही.”

ती जोडणी कोणत्या कंपनीची होती, हे इथं महत्त्वाचं नाही. माझ्या डोक्यात राहिलं ते ‘लिंक नाही’ हे वाक्य. बँकेत, टपालात, रेशन दुकानात, तहसीलमध्ये, सगळीकडे ते ऐकू येतं. त्यात कर्ता नाही. कुणी काही केलं नाही, कुणी काही केलं पाहिजे असंही नाही. पाऊस नाही, तशी लिंक नाही. पण लिंक काही आभाळातून पडत नाही. ती माणसांनी आखलेल्या, मोजलेल्या आणि पैसे मंजूर केलेल्या वाटेनं येते. ही वाट धडगावपर्यंत येता येता का अडते, हे समजून घ्यायचं तर दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं.

तार कुणासाठी होती?

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्यालय. सातपुड्याच्या कुशीत, उत्तरेला नर्मदा, त्याच डोंगररांगांत तोरणमाळ. विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा हा क्रमांक १ चा मतदारसंघ, आणि अक्राणी तालुका त्यातच येतो. म्हणजे कागदावर महाराष्ट्र इथून सुरू होतो. सोयींची यादी मात्र दुसऱ्या टोकाकडून वाचली जाते आणि इथं येईपर्यंत पानं संपतात.

इंग्रजांनी १८१८ साली खान्देश ताब्यात घेतला, पण सातपुड्यातला भिल्ल समाज त्यांच्या ताब्यात सहजासहजी आला नाही. म्हणून १८२५ साली भिल्ल एजन्सी उभी केली गेली आणि जेम्स आउट्रम या अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण बांधली. डोंगराकडे पाहायची सरकारी दृष्टी तेव्हा ठरून गेली. डोंगर म्हणजे बंदोबस्ताची जागा.

हिंदुस्थानात तार आली ती याच दृष्टीनं. विल्यम ओ’शॉनेसी या डॉक्टरनं १८३९ साली कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन सुरू झाली आणि डलहौसीच्या काळात, १८५५ पर्यंत, कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेनं जोडले गेले. मुंबई-आग्रा तार खान्देशातून गेली. मात्र ती गेली हमरस्त्याच्या कडेनं. पुढं १९०० च्या सुमारास सुरतेहून तापीच्या खोऱ्यानं रेल्वे आली. रुळांबरोबर तारेचे खांबही आले, आणि नंदुरबारच्या कापूस-धान्याच्या व्यापाऱ्याला सुरत-मुंबईचे भाव कळू लागले.

नकाशा समोर धरला तर गोष्ट लगेच लक्षात येते. तार हमरस्त्यानं गेली, रेल्वेनं गेली, कचेरी आणि बाजारपेठ जोडत गेली. इकडे ती तापीच्या दक्षिणेला पोचली आणि तिथंच थांबली. उत्तरेला सातपुडा सुरू होतो. तिथून सरकारला हवं होतं लाकूड आणि शांतता. लाकूड बैलगाडीनं येई आणि शांततेसाठी पलटण होती. तारेची गरज कुणाला होती?

१८८५ साली इंडियन टेलिग्राफ ॲक्ट आला. त्याच्या चौथ्या कलमानं तार उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारकडे घेतला. १८५७ चा तडाखा खाल्लेल्या राजवटीला ही ताकद दुसऱ्या कुणाच्या हाती नको होती, हे उघड आहे. विशेष म्हणजे हाच कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. टेलिफोन त्याच्यात बसवला, मोबाइल बसवला, इंटरनेटही बसवलं. २०२३ साली संसदेनं नवा दूरसंचार कायदा केला, तोवर आपण तारेच्या कायद्यावर ब्रॉडबँड चालवत होतो. तारसेवा मात्र त्याआधीच, जुलै २०१३ मध्ये, बंद झाली होती.

“नको असेल तर फोन परत करा”

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ च्या जानेवारीत सुरू झालं. स्वातंत्र्याच्या वेळी देशभरात ८० हजारांच्या आसपास फोन होते. पुढची तीस-पस्तीस वर्षं फोन म्हणजे प्रतीक्षायादी. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. फारच घाई असेल तर कितीतरी पट पैसे मोजून ‘लाइटनिंग’ लावायचा, आणि तोही वेळेवर लागेल याची खात्री नाही. फोन आला तरी तो चालेल असं नसे. ‘डेड’ हा इंग्रजी शब्द मराठी घरांत शिरला तो बहुधा फोनमुळेच.

याच काळातला एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. १९८०-८१ च्या सुमाराला संसदेत खासदारांनी नादुरुस्त फोनबद्दल तक्रार केली. तेव्हाचे दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांचं उत्तर अशा अर्थाचं होतं की टेलिफोन हा हक्क नाही, चैन आहे. ज्याला सेवा पटत नसेल त्यानं फोन परत करावा, रांगेत उभे असलेले पुष्कळ आहेत.

या उत्तरावर आपण आज हसतो. पण त्यामागं एक हिशेब होता. एकच दुकान, लांब रांग, आणि गिऱ्हाईक गेलं तरी दुकानदाराचं काही बिघडत नाही. अशा ठिकाणी तक्रार ही गिऱ्हाइकाचीच उद्धटाई ठरते. कायदाही त्याच बाजूनं होता. १९५७ साली टेलिग्राफ कायद्यात ‘सात-ब’ हे कलम घातलं गेलं. त्यानुसार फोनच्या लाइनबद्दल किंवा यंत्राबद्दल वाद झाला तर तो लवादाकडे जायचा आणि लवाद नेमायचा केंद्र सरकारनंच. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच घरी पंचायत.

१९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी बनावटीचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. त्याचं मोठेपण आकड्यात नव्हतं, स्वभावात होतं. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा, धुळीचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या विजेचा विचार करून ते बनवलं होतं. परदेशी यंत्राला आपलं हवामान सोसत नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा, आपल्या हवामानाला सोसेल असं यंत्र बनवा, हा त्यामागचा विचार. त्यातूनच पुढं नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ उभे राहिले. भारतीय दूरसंचाराच्या इतिहासात गावखेड्याचा विचार करून यंत्र आखलं गेल्याची उदाहरणं थोडी आहेत. त्यातलं हे एक.

वायद्यांची यादी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. १ ऑक्टोबर २००० पासून दूरसंचार खात्याचा सेवा देणारा भाग ‘भारत संचार निगम’ म्हणजे बीएसएनएल झाला. खातं गेलं, कंपनी आली. पण कंपनीच्या अंगावर कपडे खात्याचेच होते. डोंगरात टॉवर लावणं, तोट्यातली एक्स्चेंजेस चालवणं ही कामं तिच्याकडेच राहिली. फायद्याची शहरं मात्र आता तिच्या एकटीची नव्हती.

सरकारी वायदे कालक्रमानं मांडले की एक चित्र दिसतं. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानं सांगितलं, १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन. तो झाला नाही. १९९९ च्या धोरणानं उरलेल्या गावांसाठी २००२ ही मुदत दिली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं २०१० पर्यंत दोन कोटी ग्राहकांचं लक्ष्य ठेवलं. २०१० संपलं तेव्हा आकडा निम्म्याच्या थोडाच वर होता. आणि ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणायचं? २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड. २०१३ मध्ये तो ५१२ झाला. दोन मेगाबिटची व्याख्या येईपर्यंत २०२३ उजाडलं.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरनं जोडायची योजना मंजूर केली. खर्च २० हजार कोटी, मुदत साधारण दोन वर्षं. त्यासाठी २०१२ साली भारत ब्रॉडबँड नेटवर्क नावाची वेगळी कंपनी काढली. सरकार बदललं, योजनेचं नाव ‘भारतनेट’ झालं. डिसेंबर २०१७ मध्ये एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. दुसरा टप्पा काही राज्यांनी स्वतःकडे घेतला, आपल्याकडे तो ‘महानेट’ या नावानं आला. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी एक हजार दिवसांत सहा लाख गावं फायबरनं जोडण्याची घोषणा केली. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा ‘सुधारित भारतनेट’ मंजूर केला.

दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांची ही यादी आहे, म्हणून केवळ एकाला दोष देऊन भागत नाही. पैसा नव्हता असंही नाही. २००२ पासून प्रत्येक दूरसंचार कंपनीच्या महसुलातून ग्रामीण सेवेसाठी पाच टक्के कर वेगळा घेतला जातो. ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’ असं त्याचं नाव, आता ‘डिजिटल भारत निधी’ झालंय. म्हणजे शहरातल्या माणसानं मोबाइलवर बोलताना धडगावच्या नावानं पैसे भरलेले आहेत. या निधीतला मोठा भाग वर्षानुवर्षं न वापरता पडून होता, हे संसदेत अनेकदा विचारलं गेलंय.

केबल तुटते कशी?

मित्रानं विचारलेला प्रश्न साधा होता, केबल कोण तोडतं? त्याचं उत्तर एका माणसात नाही, रचनेत आहे.

सुरुवातीच्या योजनेत जिल्हा ते तालुका अशी आधीची फायबर वापरायची होती. ती मुख्यतः बीएसएनएलची, अनेक ठिकाणी जुनी. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत नवा तुकडा जोडायचा. ही जोडणी माळेतल्या मण्यांसारखी होती, एकापुढं एक. मधला धागा तुटला की पुढचे सगळे मणी गळून पडतात. सपाटीवर हे कसंबसं निभतं. सातपुड्यात रस्ता एकच असतो आणि केबल त्याच रस्त्याच्या कडेनं जाते. पावसाळ्यात दरड कोसळली की दोन्ही गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालत निघालेल्या माणसाची आणि वाटेतच गेलेल्या त्या बाईची बातमी तेव्हा राज्यभर वाचली गेली. जिथं माणसाला जायला दुसरी वाट नाही, तिथं केबलला कुठून असणार?

दरड नसेल तर जेसीबी असतो. एक खातं रस्ता रुंद करतं, दुसरं पाण्याची पाइपलाइन टाकतं, तिसऱ्याची फायबर खाली असते आणि तिघं एकमेकांना विचारत नाहीत. हा प्रकार इतका वाढला की मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारला ‘खोदण्याआधी कळवा’ सांगणारं एक ॲप काढावं लागलं. ते ॲपही मोबाइलवरच चालतं, आणि घाटात रेंज नसते!

समजा केबल शाबूत राहिली. ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पोचते. तिथल्या यंत्राला वीज लागते, वीज गेली तर बॅटरी, बॅटरी संपली तर अंधार. त्यापुढचा प्रश्न आणखी मोठा आहे. दिल्लीच्या कागदावर ‘ग्रामपंचायत जोडली’ म्हणजे गाव जोडलं. अक्राणीत गाव म्हणजे एका चौकाभोवतीची घरं नव्हेत. इथं पाडे असतात, या टेकडीवर चार घरं, त्या उतारावर सहा. एका ग्रामपंचायतीचे पाडे मैलोन्‌मैल पसरलेले. नर्मदाकाठच्या काही गावांना तर सरदार सरोवराच्या पाण्यानं वेढलंय. तिथं दवाखानासुद्धा बोटीतून जातो. अशा ठिकाणी फायबर कार्यालयाच्या भिंतीपर्यंत आली, तरी पाड्यावरच्या माणसासाठी ती तितकीच लांब राहते.

सुधारित भारतनेटमध्ये माळेऐवजी कड्यासारखी, दोन्ही बाजूंनी जोडलेली रचना घेतली आहे. एक बाजू तुटली तर दुसरीकडून चालावं म्हणून. बसवणाऱ्यावरच दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही टाकली आहे. यावरून पहिल्या दहा वर्षांत काय चुकलं, हे सरकारनंच मान्य केल्यासारखं आहे. टाकण्याचे पैसे मंजूर होत होते. सांभाळायचं कुणी, हे ठरलेलं नव्हतं.

गिऱ्हाइकानं जायचं कुठं?

फार थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट सांगतो. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २००६ सालीच ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले होते. दहापैकी नऊ तक्रारी पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त झाल्या पाहिजेत, असं त्या नियमांत होतं. तीन दिवसांहून जास्त बंद राहिलं तर सात दिवसांचं भाडं माफ, सात दिवसांहून जास्त तर पंधरा दिवसांचं, आणि पंधरा दिवस उलटले तर महिन्याचं. किती ग्राहकांनी अशी सूट मागितली असेल? वाचकांपैकी कुणाला मिळाली असेल तर जरूर सांगा.

ट्राय एकट्या माणसाची तक्रार सोडवत नाही, फक्त नियम करतं. मग ग्राहक मंच? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तो दरवाजा उघडला होता. लोक फोनच्या तक्रारी तिथं नेऊही लागले. पण सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एम. कृष्णन यांच्या प्रकरणात निकाल दिला. टेलिग्राफ कायद्यात ‘सात-ब’ कलम असताना फोनच्या बिलाचा वाद ग्राहक मंचापुढं चालणार नाही, असा तो निकाल. म्हणजे १९५७ चं ते कलम बावन्न वर्षांनी जागं झालं आणि त्यानं दार लावून घेतलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका खासगी मोबाइल कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ही वाट पुन्हा मोकळी केली. लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाला मंचाकडे जाता येईल, असं स्पष्ट झालं. मधली साडेबारा वर्षं गेली. याच साडेबारा वर्षांत देशात ब्रॉडबँड पसरत होतं.

आता दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे वळू. २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत स्वेच्छानिवृत्ती आली. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी घरी गेले, एकूण मनुष्यबळाच्या जवळपास निम्मे. पगाराचा बोजा कमी करणं गरजेचं होतं, हे खरं. पण त्यांच्याबरोबर कोणत्या मोरीखालून कोणती केबल जाते, हे ठाऊक असलेली माणसंही गेली. त्या माणसांच्या डोक्यातला नकाशा कुठल्या संगणकात नव्हता. पुढं अनेक ठिकाणी दुरुस्ती कंत्राटदारांकडे गेली.

बीएसएनएलची बाजूही ऐकली पाहिजे. खासगी कंपन्यांनी २०१६ पासून देशभर फोर-जी पसरवलं, तेव्हा या सरकारी कंपनीकडे त्याचे ध्वनिलहरींचे पट्टे नव्हते. ते द्यायचं २०१९ मध्ये ठरलं. मग यंत्रं देशीच हवीत असं ठरलं आणि निविदा रद्द झाली. देशी फोर-जीचं राष्ट्रीय उद्घाटन व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. हात बांधून शर्यतीत उतरवलं आणि मग ‘हिला पळताच येत नाही’ असं म्हटलं, तर तो न्याय नव्हे. शिवाय सातपुड्यासारख्या मुलखात नफा नसताना टॉवर लावण्याची अपेक्षा आपण याच कंपनीकडून करतो. जुलै २०२२ मध्ये फोर-जी नसलेल्या २४ हजार ६८० गावांसाठी २६ हजार ३१६ कोटी मंजूर झाले, तेव्हा ते कामही तिलाच दिलं गेलं. सरकारी सेवा बंद करा म्हणणाऱ्यांनी धडगावच्या पाड्यावर दुसरं कोण जाणार, हेही सांगावं.

चैन ते धान्य

स्टीफन यांच्या काळात आणि आजच्या काळात एक मोठा फरक आहे. तेव्हा फोन बंद पडला तर बोलणं राहायचं. आज लिंक गेली तर रेशन राहतं.

या बदलाची सुरुवात याच जिल्ह्यात झाली, हा इतिहासाचा विलक्षण योग. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आले. देशातलं पहिलं आधार तिथल्या एका आदिवासी महिलेला मिळालं. एका अर्थानं डिजिटल भारत आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी जन्मला. ग्रामपंचायतींना फायबर देण्याची योजना मंजूर झाली त्यानंतर वर्षभरानं. म्हणजे अंगठा आधी मागितला, तार नंतर मंजूर केली, आणि तार यायच्या आत सगळी कामं अंगठ्यावर नेली.

पुढं रेशन दुकानात ई-पॉस यंत्रं आली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी ॲपवर, फोटोसह, दिवसातून दोनदा सक्तीची झाली. अंगणवाडीच्या बाळाचं वजनही ॲपवर गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. चाळीस वर्षांपूर्वी मंत्री म्हणाले होते, नको असेल तर फोन परत करा. या बायकांनी खरोखरच केले! फरक इतकाच की हे फोन त्यांनी मागितलेच नव्हते.

आमच्या समाजातही हा अनुभव नवा नाही. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारनं वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू केलं आणि सहा महिन्यांची मुदत दिली. छोट्या गावातल्या मशिदीचे, कब्रस्तानाचे मुतवल्ली जुन्या सनदा आणि सातबारे पिशवीत घालून सेंटरच्या चकरा मारत राहिले. पोर्टल संथ चालतं, मुदत वाढवा, अशी मागणी देशभरातून झाली. डिसेंबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं सरसकट मुदतवाढ नाकारली आणि ज्याला अडचण असेल त्यानं न्यायाधिकरणाकडे जावं, असं सांगितलं. त्या दिवसांत मला धडगावचा तो ओटा सारखा आठवत होता. पावरी बोलणारी म्हातारी आणि दखनी बोलणारा मुतवल्ली एकाच ओट्यावर बसलेले असतात, एकाच वाक्याची वाट पाहत. त्यांच्यात भांडण लावणाऱ्यांनी हा ओटा एकदा पाहावा.

जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इंटरनेटवरून मत मांडणं आणि व्यवसाय करणं यांना घटनेचं संरक्षण आहे. तो खटला काश्मिरात सरकारनं इंटरनेट बंद केलं त्याबद्दल होता. बंद करण्याला निदान आदेश लागतो, आदेशावर सही लागते, सहीला आव्हान देता येतं. धडगावात आदेशाशिवायच बंद असतं. त्याला आव्हान कसं द्यायचं?

मला वाटतं, सुरुवात त्या वाक्यापासून करावी. ‘लिंक नाही’ हे तोंडी उत्तर म्हणून स्वीकारायचं नाही, लेखी मागायचं. रेशन दुकान असो, बँक असो, तहसील असो. लिंक किती वाजता गेली, किती वाजता आली, किती माणसं परत गेली, एवढं एका वहीत रोज लिहिलं जावं. ती वही ग्रामसभेपुढं ठेवली जावी. अक्राणी हा पाचव्या अनुसूचीतला भाग आहे, पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला वजन दिलेलं आहे. आणि दुसरं, लिंक नसेल त्या दिवशी हक्काचं काम कागदावर झालंच पाहिजे. तार सरकारची, अंगठ्याची सक्ती सरकारची, तर तुटलेल्या केबलचा दंड पहाटे निघालेल्या म्हातारीनं का भरायचा?

परतताना मित्रानं एसटी स्टँडवर सोडलं. गाडी घाटात शिरली तशी मोबाइलची रेंज गेली. खाली शहाद्याच्या सपाटीला उतरल्यावर ती आली आणि पाठोपाठ त्याचा मेसेज वाजला. दुपारी चारला पाठवलेला होता, “लिंक आली. पण लोक निघून गेले.”